पिवळी रेघ

आधीच सांगतो, ही गोष्ट मी कुठून ऐकून आलेलो नाही. ज्याच्या घरी घडली तो महेश्वर माझा सख्खा मावसभाऊ. त्याच्या पोर्चमध्ये उभं राहून मी त्या रेघा या डोळ्यांनी बघितल्यात. पटवून घ्यायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.

ठिकाण सोलापूर. जुळे सोलापुरातली एक साधी कॉलनी.

वेळ एप्रिलमधली. दुपारी साडेबाराच्या पुढची.

हो, दुपारची! भुतं अमावस्येच्या रात्रीच निघतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्या सोलापूरची एप्रिलमधली दुपार बघितलेली नसते. रस्त्यावर चिटपाखरू नसतं. पोर्चचा पत्रा तापून मधूनच कडकड वाजतो. आपल्याच चपलेचा आवाज मागून कुणीतरी येतंय असा वाटतो.

तर महेश्वर आणि इंद्रजीत. कॉलेजपासूनची जोडी. इंद्रजीत मूळचा करमाळ्याचा, नोकरीला सोलापुरात. लडाखला जायचं म्हणून त्यानं ती उंच, भारीतली अ‍ॅडव्हेंचर बाईक घेतली आणि तेव्हापासून गाडीचं सगळं काम महेश्वरच्या पोर्चमध्येच. गॅरेजवाल्याला दोघं हात लावू देत नसत. तेल बदलणं, चेन धुणं, जादा दिवे लावणं, सामानाच्या पेट्यांसाठी दोन्ही बाजूंना लोखंडी चौकट बसवणं, सगळं घरीच. दर रविवारी दोघं काळ्या हातांनी बसलेले.

महेश्वरची बायको हेमावती चिडवायची, "या गाडीशीच लग्न लावून दिलं असतं की दोघांचं."

दोघांनी एक नियम केला होता. म्हणजे इंद्रजीतनं केला होता. नट पूर्ण आवळला की त्यावर पिवळ्या मार्करनं एक रेघ मारायची. अर्धी नटवर, अर्धी शेजारच्या लोखंडावर. रेघ दिसली की तो नट दुसऱ्यानं परत तपासायचा नाही.

"रेघ म्हंजी शब्द," इंद्रजीत म्हणायचा. "आधी पाना, मग रेघ. उलटं कदी करायचं न्हाय."

गेल्या वर्षी, एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी, महेश्वरनं उलटं केलं.

त्या दिवशी मागचा टायर बदलला होता. इंद्रजीत पुढं दिव्याच्या वायरशी झटत होता. त्याला तासाभरात करमाळ्याला निघायचं होतं. त्याची बायको आरोही आधीच सासरी गेली होती, सगळे जेवायला त्याची वाट बघणार होते. महेश्वरनं मार्करचं टोपण काढलं. उन्हानं शाई वाळत होती, टोक सारखं अडत होतं. आता लिहितंय तोवर सगळ्या रेघा मारून घेऊ, असा त्यानं विचार केला.

दहा नट आवळलेले होते. अकरावा, मागच्या चाकाच्या एक्सलचा, म्हणजे आसाचा, नुसता हातानं बसवलेला होता.

त्यावरही त्यानं रेघ मारली.

तेवढ्यात आतून हेमावतीची हाक आली, "ताट वाढलंय!" महेश्वर हात धुवायला गेला. ग्रीसचे हात, धुण्याची पावडर लावून घासावे लागतात. दहा मिनिटं गेली. बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. इंद्रजीत ओरडला, "निघतो रे! जेवण उधार!"

महेश्वर बाहेर आला तेव्हा गाडी कोपऱ्यावरून वळली होती.

पोत्यावर टॉर्क रेंच पडलेला होता. हा एक लांब दांड्याचा पाना असतो. नट हवा तेवढा आवळला गेला की तो 'कट्' असा आवाज करतो.

मग त्याच्या लक्षात आलं. एक्सलला तो आवाज आलाच नव्हता.

त्यानं खिशातून फोन काढला. इंद्रजीतचं नाव समोर आणलं...

आणि फोन परत खिशात ठेवला.

का? हे त्यानं मला सांगितलं तेव्हा तो माझ्याकडे बघत नव्हता. त्याला वाटलं, इंद्रजीत वर्षभर चेष्टा करेल. चारचौघांत सांगत सुटेल. आणि हातानं का होईना, घट्टच बसवलाय की. पोचल्यावर सांगू.

तो आत गेला आणि जेवला. भाकरी, शेंगाची चटणी. दही दोनदा घेतलं. हे दह्याचं तो अजूनही सांगतो.

पावणेदोनला टेंभुर्णीच्या पुढे इंद्रजीत गेला. जागच्या जागी.

मागचं चाक निखळलं होतं. पोलिसांच्या कागदावर आलं की वेग जास्त होता, पडल्यावर चाक निखळलं. आधी काय झालं आणि नंतर काय, हे एकट्या महेश्वरला माहीत होतं. तो बोलला नाही. पोलीस काही विचारायला आले नाहीत, आणि यानं स्वतःहून तोंड उघडलं नाही.

त्यात आरोही दहाव्याला सगळ्यांसमोर रडत म्हणाली, "मीच फोन केला वो त्यांना. गाडीवर असतानाच. लवकर या म्हणलं. माझ्यामुळं झालं."

सासूनं, सोजरबाईंनी, ते ऐकलं. आरोही त्यांना आत्या म्हणते. त्या दिवसापासून त्या सुनेशी एक शब्द बोलल्या नाहीत. आरोही एकटीच सोलापूरला परत आली.

महेश्वर तिथंच बसला होता. मांडी घालून, मान खाली घालून. अगदी शेजारी.

सहा महिन्यांनी गाडी पोलिसांकडून सुटली. आरोही म्हणाली, "भावजी, घरी बघवत न्हाय. भंगारात बी द्यायची न्हाय. तुमच्याकडं ठेवा. नीट करा."

नाही कसं म्हणणार?

त्यानं कामाला हात घातला तो यंदाच्या एप्रिलमध्ये. रविवार. बारा वाजून गेलेले. नवं मागचं चाक बसवलं, नट लावला, रेंच घेतला. फिरवला...

आवाज आला नाही.

अजून फिरवला. नट फिरत होता, आवळलाही जात होता, पण कट् म्हणत नव्हता. दांड्यावर पूर्ण वजन टाकलं. काही नाही. तोच रेंच पुढच्या चाकाला लावून बघितला. कट्. मागं आणला. काही नाही.

वैतागून तो हात धुवायला आत गेला. पावडर लावली, नळ सोडला.

आणि बाहेरून आवाज आला...

कट्.

स्वयंपाकघरातून हेमावती म्हणाली, "यारु?" ती अक्कलकोटकडची. दचकली की कानडीत बोलते. "कोण आलंय वो बाहेर?"

कुणी नव्हतं. फाटकाला कडी होती. रेंच होता तिथंच पोत्यावर. पुसायचं फडकं मात्र चार घड्या घालून हँडलवर ठेवलेलं होतं.

महेश्वर फडकं बोळा करून फेकणारा माणूस. घड्या कोण घालायचं, ते मी सांगायला नको.

तो वाकला.

एक्सलच्या नटवर पिवळी रेघ होती...

बोट लावलं. ओली होती.

त्या घरात पिवळा मार्कर नव्हता. वर्षापूर्वीच, अपघाताच्या दुसऱ्या दिवशी, त्यानं तो कचऱ्याच्या गाडीत टाकला होता.

त्यानं रेघ रॉकेलनं पुसली आणि घरात कुणाला काही सांगितलं नाही. न बोलण्याची त्याला आता सवयच झाली होती.

मंगळवारी हॉलच्या पंख्यावर रेघ होती, छताजवळच्या बोल्टवर. तिथं स्टुलावर चढूनही हात पोचत नाही.

बुधवारी खिडकीच्या ग्रिलवर.

गुरुवारी गॅसच्या शेगडीखाली, नळाच्या जोडावर, पलंगाच्या चारी पायांवर.

"काय खूळ लागलंय तुम्हाला?" हेमावती भडकली. "घरभर रेघा ओढत सुटलाय! साबणानं जाईनात की त्या."

त्यानं गपचूप पाना घेऊन एकेक बोल्ट तपासला. रेघ असलेला प्रत्येक बोल्ट घट्ट होता. कुणीतरी त्याच्या घरातला एकेक नट नीट तपासत होतं. रोज दुपारी. आणि रोज साडेबाराच्या सुमारास, घरात कुणी असो वा नसो, तो आवाज यायचा...

कट्... कट्... कट्...

शेजारच्या काकू एकदा विचारूनही गेल्या, "दुपारच्याला काम काढताय व्हय? झोप मोडती की."

महेश्वर मला म्हणाला, "त्यानं गळा धरला असता तर बरं वाटलं असतं रे. हे सहन होत नव्हतं. मी त्याचा एक नट आवळला नाही, आणि तो माझं घर आवळत बसलाय."

मग आला सोमवार. सकाळचे साडेसहा. हेमावती शाळेत शिकवते, सकाळची शाळा. तिनं स्कूटी बाहेर काढली, हेल्मेट घातलं.

महेश्वर दारात उभा होता. त्याचं लक्ष स्कूटीकडे गेलं.

स्कूटीच्या प्रत्येक नटवर पिवळी रेघ होती. मागच्या चाकावर. आरशावर. स्टँडवर.

पुढच्या चाकावर मात्र नव्हती...

"थांब," तो म्हणाला.

"उशीर होतोय मला."

"थांब म्हणलं ना!"

तो धावत गेला, खाली बसला, पुढच्या चाकाच्या नटला दोन बोटं लावली.

नट फिरला. नुसत्या बोटांनी!

परवाच तिनं पंक्चर काढून आणलं होतं. रस्त्यावरच्या पंक्चरवाल्यानं नट तसाच सोडला होता.

महेश्वर तिथंच फरशीवर बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. आणि त्या रडण्यात, वर्षभर पोटात ठेवलेलं सगळं बायकोला सांगून टाकलं. शाई, रेघ, खिशात परत ठेवलेला फोन, दही. सगळं.

हेमावतीनं हेल्मेट काढलं.

"मला सांगून काय उपयोग?" ती म्हणाली. "ज्या बाईला सांगायचं तिला सांगा. आजच."

संध्याकाळी सहाला तो होटगी रोडला आरोहीच्या घरी गेला. तिनं पाणी आणून दिलं. त्यानं ग्लास हातात धरूनच सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही. मान वर करायची हिंमत मात्र झाली नाही.

ती ओरडेल, हाकलून देईल, चौकीत चला म्हणेल, अशी तयारी करूनच तो गेला होता.

आरोही म्हणाली, "मला माहीत हाय, भावजी."

त्याला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"त्या दिवशी फोनवर ते म्हणले, मागचं चाक हलल्यागत वाटतंय. मी म्हणलं, मग थांबा की, बघा. तर हसले. म्हणले, अगं महेश्वरनं रेघ मारलीय. बघायचं कारण न्हाय."

पंखा फिरत होता. खाली रस्त्यावर रिक्षावाला कुणाशी तरी भांडत होता.

"मी एकदाच थांबा म्हणलं," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा म्हणलं न्हाय. ताटं वाढली होती, सगळी खोळंबली होती. ते माझं मला हायच."

"पण वहिनी... तुम्ही तर सगळ्यांना सांगितलं की तुमच्या फोनमुळं..."

"तितं सगळे विचारत होते, कसं झालं, कुणामुळं झालं. कुणाचं तरी नाव पायजेच होतं लोकांना." आरोहीनं पदरानं तोंड पुसलं. "तुमचं घ्यायचं माझ्या जिवावर आलं. त्यांचा लई जीव होता तुमच्यावर. म्हणलं, एक तर गेला, दुसऱ्याला कशाला जितेपणी मारा. मग माझंच घेतलं. आत्या बोलंनाशा झाल्या, तेवढं सोडलं तर बरं चाललंय."

महेश्वरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच्या शब्दावर एकानं जीव घालवला होता. त्याच्या गप्प बसण्यावर दुसरीनं घर घालवलं होतं. आणि दोघांनाही त्याच्याबद्दल काडीचा राग नव्हता.

"गाडी तुमच्याकडं दिली ती त्यासाठीच," ती म्हणाली. "वाटलं, हात लागला की बोलाल. लई दिवस लावले तुमी."

निघताना दारात तिनं एवढंच विचारलं, "आत्यांना सांगाल का करमाळ्याला जाऊन? माझ्या तोंडून त्यांना खरं वाटायचं न्हाय."

"रविवारी जातो," महेश्वर म्हणाला. "शपथ."

त्या संध्याकाळपासून त्याच्या घरातले आवाज थांबले.

एकही रेघ नाही. दुपारी साडेबाराला घर शांत असतं. पत्रा वाजतो तेवढाच. हेमावती म्हणते, सुटलो बाई एकदाचे. महेश्वर मात्र झोपत नाही. पाना घेऊन घरभर फिरतो, तेच तेच बोल्ट पुन्हा पुन्हा तपासतो, आणि समाधान काही होत नाही. मी गेलो होतो तेव्हा जेवता जेवता उठून दोनदा गॅस बघून आला.

"रागावला असेल का रे आता?" त्यानं मला विचारलं. "का... मी जातो म्हणलं म्हणून तो निघून गेला? माझ्या शब्दावर?"



हे सांगतोय तेव्हा जून निम्मा संपलाय. मधे सात रविवार गेले. एकदा एसटी मिळाली नाही, एकदा ऊन फार होतं, एकदा त्याला ताप होता. सोजरबाईंची तब्येत हल्ली बरी नसते असं करमाळ्याहून कुणीतरी सांगत आलं. सुनेचं नाव काढलं की त्या अजून तोंड फिरवतात.

महेश्वर म्हणतो, येत्या रविवारी नक्की.