न धुतलेली ओढणी

"शेणचोर!"

शब्द तोंडातून निघाला आणि भामाचं स्वतःचंच काळीज धडधडलं. नुकतं तांबडं फुटलं होतं. तांबू गाईच्या मागं एक अनोळखी तरुण उकिडवा बसून चमच्यानं शेण उचलत होता आणि डबीत भरत होता. दुष्काळात लोक काय चोरतील याचा नेम नाही, हे मान्य. पण चमच्यानं शेण चोरणारा भामानं जन्मात पाहिला नव्हता.

तो गडबडून उठला. "चोर न्हाई ओ! डॉक्टर हाय. जनावरांचा. म्हंजे... व्हायलोय अजून."

"मग शेण कावून भरायलेत?"

"भीती मोजायला."

भामा हसणारच होती, पण त्याचा चेहरा अगदी गंभीर होता.

त्याचं नाव उत्तरेश्वर. केजकडचा, ऊसतोड करणाऱ्या आईबापांचा लेक, परभणीला शिकत होता. चौसाळ्याजवळची ही चारा छावणी दूध सोसायटी चालवत होती, आणि सोसायटीनंच त्याला परवानगी दिली होती. ऊन, पाण्याचे टँकर, परक्या जनावरांची दाटी, या सगळ्यानं जनावर किती धास्तावलंय ते शेणात उतरतं म्हणे.

"माणूस खोटं बोलतं," तो म्हणाला, "शेण न्हाई बोलत."

"मग हिची भीती किती?"

तांबूच्या डोळ्यांकडे त्यानं पाहिलं. बुबुळाभोवतीचं पांढरं लकाकत होतं. "तपासायला येळ लागंल. पण आख्ख्या छावणीत सगळ्यात जास्त भ्यालेली हीच आसंल बघा."

भामानं नजर चुकवली. कारण छावणीत सगळ्यात जास्त भ्यालेली तांबू नव्हती, भामा स्वतः होती.

तीन आठवड्यांपूर्वी तिची आई, गीताबाई, टँकरपाशी घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं आणि ती अंबाजोगाईच्या दवाखान्यात खाटेला खिळली. तांबू आईनं लेकीसारखी वाढवलेली. दिवाळीत तिचं वासरू गेलं, तेव्हापासून ती फक्त आईच्या हातालाच पान्हवायची. मग गावची जुनी रीत कामाला आली. गाय एकाच बाईची सवयीची असली आणि ती बाई घरात नसली, की धार काढणाऱ्यानं तिचं लुगडं पांघरून बसायचं. भामा आईचं लुगडं पांघरून बसली. चार दिवस दूध आलं आणि पाचव्या दिवशी लाथ आली. तेव्हापासून तांबू पान्हा चोरत होती. वरच्या चार धारा द्यायची, बाकी सगळं आत चढवून धरायची.

भामाचे वडील, आप्पा, फार बोलत नसत. एवढंच म्हणाले, "पुढच्या बुधवारी बाजाराचा टेम्पो येतोय. तवर बघ."

आणि रोज संध्याकाळी दवाखान्यातून फोन यायचा. "तांबू कशीय गं?"

"लई चांगलीय, आई." एवढं म्हणून भामा घाईनं फोन ठेवायची. आई काठी टेकत येईल आणि तिला रिकामा खुंटा दिसेल... त्यापुढचा विचार तिला करवत नसे.

भामानं हे सगळं सांगितलं, ते उत्तरेश्वरनं शांतपणे ऐकून घेतलं.

"लुगडं तेच हाय का पण?"

"तेच की! उलट साबण लावून सोच्छ धुतलं मी. त्या दिशी टँकरनं जास्तीचं पाणी दिलतं."

"कवा?"

भामानं बोटं मोजली आणि चौथ्या बोटावर थांबली. लाथ बसली त्याच्या आदल्या दिवशी.

"नाकातल्या पेशींवर बारीक जागा आस्त्यात," तो हळू आवाजात सांगू लागला. "रिसेप्टर म्हंतेत. कुलूपच समजा. ओळखीचा वास नाकातनं मेंदूत गेला की आतनं एक रस सुटतो अन् कासेला सांगावा जातो, सोड पान्हा. पण भीतीचा रस आधी पोचला की सांगावा निघतच न्हाई. तुमच्या आईचा वास, ती किल्ली होती."

"अन् मी ती साबणानं धुतली." भामाचे डोळे भरून आले. छावणीत प्यायला पाणी मिळेना आणि या शहाण्या पोरीनं बादलीभर पाणी वापरून आपल्याच घराचं नुकसान केलं होतं! "दवाखान्यातनं आईचं दुसरं लुगडं आणलं तर?"

"औषधाचा वास यील. आणखी बिथरंल."

"आप्पा म्हंतेत, पान्ह्याची सुई मारा."

"त्याला बंदी हाय. अन् सुईनं दूध यील, भीती जाईल का?" त्यानं डबीचं झाकण लावलं. "आता तुमचाच वास तिच्या डोक्यात बसवायचा. रोज दोन येळा शेजारी बसा. ओढणी एकच, धुवायची न्हाई. अन् एक... भ्यायचं न्हाई."

"ते कसं जमावं?"

"मी बसतो की."

आणि तो खरंच बसला! तांबूच्या एका अंगाला भामा, दुसऱ्या अंगाला तो. हळूहळू तांबू भामाचा वास ओळखू लागली, पण पान्हा अजून चोरायचीच. मध्ये गाय होती, म्हणून लोकांना बोलायला जागा नव्हती, असं निदान भामाला वाटायचं. शेजारच्या दावणीवरची भिवराबाई मात्र वैरण टाकता टाकता डोळ्यांत तेल घालून बघत असे. भामाला तिचीही भीती वाटायची.

"ओढणीला घामाचा वास यायलाय," एकदा भामा नाक मुरडत म्हणाली.

"चांगला हाय."

"तुमाला तिथवर येतो?"

"म्हंजे... तांबूला चांगला हाय म्हनलं." त्याचे कान लाल झाले.

भामानं तोंडाला ओढणी लावली. तांबूच्या गळ्याखालची लोंबती पोळी खाजवताना दोघांची बोटं एकमेकांना लागली. तिनं चटकन हात मागं घेतला... आणि थोड्या वेळानं पुन्हा तिथंच ठेवला.

"तुमाला कशाचंच भ्या न्हाई वाटत का?" तिनं विचारलं.

"वाटतं की. बुधवारचं."

"गाईसाठी?"

"माझे नमुने पुरे व्हतेत त्या दिशी. परभणीला जायचंय." तो मातीकडे बघत बोलला.

भामानं तांबूची पोळी जोरानं खाजवली. आतापर्यंत बुधवार तिची एकच गोष्ट नेणार होता.

बुधवारी टेम्पो अगदी उजाडताच आला. इंजिन घरघरत राहिलं आणि तांबूचे डोळे पुन्हा पांढरे झाले. आप्पा दावं हातात घेऊन उभे राहिले. भोवती माणसं जमली. भामा बादली घेऊन बसली खरी, पण तिची बोटं सडावर ठरेनात. तांबूनं पाय झाडला. बादली गडगडत गेली.

"र्‍हाऊ दे, पोरी," आप्पा म्हणाले.

"मी बघू का?" उत्तरेश्वर पुढं झाला. त्यानं आधी टेम्पोवाल्याला इंजिन बंद करायला लावलं. मग तो खाली बसला. पण नमुने बांधताना शर्टाला औषधांचा वास लागला होता. तांबू फुसफुसली, मागं सरली.

काय करायला हवं ते भामाला कळलं, आणि कळताच तिच्या अंगावर काटा आला. तिचा वास तांबूला चालत होता, तिचे थरथरते हात चालत नव्हते. त्याचे हात शांत होते, वास परका होता. पण परक्या पुरुषाला आपली ओढणी? बापादेखत? सगळ्या छावणीदेखत? उद्या बीडपर्यंत बोभाटा होईल...

आप्पांनी दाव्याची गाठ सोडायला घेतली.

भामानं खांद्यावरची ओढणी काढली. दोन पावलं टाकली आणि त्याच्या डोक्यावरून, खांद्यावरून नीट पांघरली. टोकसुद्धा खोचलं.

"आगं बया!" भिवराबाईनं तोंडावर हात मारला. "बायकूचं वस्त्र तर नवराच पांघरतो गं!"

कुणी हसलं नाही. भामानं डोळे मिटून घेतले. आता आप्पा काय करतील? मारतील? घरी ओढत नेतील? तिला स्वतःचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

मग बादलीत धार वाजली. एक... दुसरी... आणि मग एकसारख्या, घट्ट. भामानं डोळे उघडले. तांबू मान खाली घालून निवांत रवंथ करत होती आणि बादलीत फेस चढत होता. भामाला रडू आवरेना.

आप्पांनी बादलीकडे पाहिलं. ओढणीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग दावं पुन्हा खुंट्याला बांधलं आणि टेम्पोवाल्याला हातानंच 'जा' म्हणून खुणावलं.

"डॉक्टर," ते करड्या आवाजात म्हणाले, "सांजच्याला धार कोन काढनार?"

"माझी गाडी... दुपारी हाय..."

"गाडी उद्याबी आसती." आणि ते चालू लागले.

माणसं पांगली. आज संध्याकाळी आईला खोटं सांगायचं नव्हतं. उलट खरं किती सांगायचं, हाच प्रश्न होता.

"तुमचे हात कसे न्हाई थरथरले?" भामानं हळूच विचारलं.

"मला गाईचं भ्या कुठं होतं? तुमच्या आप्पांचं होतं. ते पायात उतरलंय, आजून उठता येईना." तो तसाच बसून होता, ओढणी पांघरून. मग मान वर करून म्हणाला, "भामा... मला न्हाई जायचं परभणीला. म्हंजे जायचंय, पण परत यायचंय. तुझ्यासाठी."

पहिल्यांदाच तो 'तू' म्हणाला होता. भामाचं काळीज पुन्हा धडधडलं, पण या धडधडीची तिला भीती वाटली नाही.

त्यानं ओढणी काढून घडी घातली. "दुधाचे शिंतोडे उडालेत हिच्यावर. जाताना घिऊन जातो, धुऊन आणून देतो."

"घिऊन जावा," भामा म्हणाली आणि लाजून तांबूच्या मानेआड झाली. "पण साबण लावला ना... तर बघा!"