गाडी सुरू झाली त्या दिवशी

भुरभुर पावसात तो गाडी ढकलत आमच्या गॅरेजच्या दारात आला, तेव्हा मी दुसऱ्या एका गाडीखाली पाठीवर पडले होते. आधी त्याचे बूट दिसले. मग वाकून बघणारा चेहरा — चिंब ओला, आणि चक्क हसरा.

“मिस्त्री आहेत का?”

“बोला.”

“नाही, म्हणजे... मिस्त्री?”

“अहो, मिस्त्रीच बोलतेय!”

आत चहा पीत बसलेल्या माझ्या काकांना ठसका लागला.

गाडी त्याच्या वडिलांची. ते गेल्यापासून कित्येक वर्षं झाकून ठेवलेली. टाकीचं झाकण उघडलं तर शिळ्या पेट्रोलचा उग्र वास... आत गंजाचे पोपडे. पंपातलं रबर चिरलेलं, कार्बोरेटरमध्ये चिकट थर साचलेला.

“इंजिन ठणठणीत आहे,” मी म्हटलं. “बिचारीच्या घशाखाली पेट्रोल उतरत नाही, एवढंच.”

“वेळ लागेल?”

“घाई आहे?”

“आहे,” तो म्हणाला. का, ते सांगितलं नाही.

मग तो रोज दुपारी यायला लागला. मी टाकी उतरवून खळखळून धुतली, नळ्यांतून हवा मारली, आणि तो स्टुलावर बसून माझ्याकडेच बघायचा.

“गाडी तिकडे आहे,” मी म्हणायचे.

“माहीत आहे,” तो म्हणायचा — आणि नजर हलवायचा नाही.

‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, आम्हाला कळलंच नाही. काकांना मात्र कळलं होतं. “एवढ्या वेळात मी विमान जोडलं असतं,” ते भिंतीला ऐकवत.

एकदा कार्बोरेटरचा जेट साफ करून मी त्याच्या तळहातावर ठेवला. पितळेचा, वाटाण्याएवढा. “उजेडात धर. आरपार भोक दिसेल.”

त्याने जवळ धरला, लांब धरला. “अजून बंदच आहे गं.”

मी बघितलं. भोक लख्ख मोकळं होतं.

“कधीपासून?” मी हळूच विचारलं.

त्याने जेट मुठीत मिटला. “नळीतून बघावं तसं दिसतं. कडा आधीच गेल्या, आता मधलंही धूसर होतंय. यावर इलाज नाही म्हणतात. म्हणून घाई... बाबांची गाडी एकदा चालवायची होती. रस्त्यावर नाही नेणार, शपथ.”

मी बॉनेटमध्ये डोकं खुपसून रडले. त्यानंतर चालढकल करायला लागले. बसवलेला पंप पुन्हा उतरवायचा, पुन्हा बसवायचा. गाडी तयार झाली की तो येणार नाही, याची धास्ती. पण त्याच्या डोळ्यांना थांब म्हणून कसं सांगणार?

शेवटी ती सुरू झाली. गॅरेजमागच्या मोकळ्या मैदानात तो स्टिअरिंगमागे बसला आणि लहान मुलासारखा ओरडला. एक चक्कर... दुसरी... मी मधोमध उभी राहून “डावीकडे! आता सरळ!” सांगत होते. इतक्या आनंदात मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

मग गाडी वळली ती थेट माझ्यावर. मला वाटलं, चेष्टा करतोय. मी हसत उभी. काका किंचाळले, करकचून ब्रेक लागला, आणि बंपर माझ्या गुडघ्याला टेकून थांबला.

तो उतरला. चेहरा पांढराफटक.

“काही लागलं नाही रे,” मी म्हटलं.

“तू समोर होतीस,” तो म्हणाला, “आणि मला दिसली नाहीस.”

दुसऱ्या दिवशी तो बहिणीबरोबर आला, निरोप घ्यायला. ती दूर दुसऱ्या शहरात राहते. तो तिच्याकडे चालला होता. किल्ली त्याने माझ्या हातात ठेवली. “अधूनमधून सुरू करत जा. पेट्रोल साचू देऊ नकोस.”

“राहा ना,” मी म्हटलं. “माझं प्रेम आहे तुझ्यावर. मी सांभाळीन—”

“माझंही आहे. म्हणूनच नको... मला सांभाळण्यात तुझं आयुष्य जायला नको.”

त्याने बोटं माझ्या कपाळावरून, गालांवरून हळूहळू फिरवली. ग्रीस पुसायला मी हात वर केला, तर म्हणाला, “असू दे.”

बहिणीचा हात धरून तो निघाला. फाटकापाशी वळला, हात हलवला... पण मी उभी होते त्या बाजूला नाही. कोपऱ्यातल्या ऑइलच्या पिंपाकडे बघून तो हसत होता.

मी धावत जाऊन त्या पिंपापाशी उभी राहिले.