भिंतीवरचा उलटा माणूस

रत्नाने मानसिंगला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो भिंतीवर डोकं खाली, पाय वर करून चालत होता.

वेल्ह्याकडच्या त्या गावाने बंद पडलेल्या भातगिरणीत आपलं संग्रहालय मांडलं होतं. पावसात डोक्यावर घ्यायची इरली, नांगर, जुनी जाती, आणि दर रविवारी कार्यक्रम... कधी ओव्या, कधी दुर्बीण. रत्ना तिथे टकळीवर लोकर कातायला शिकवणार होती. गाठोडं ठेवायला ती चुकून अंधाऱ्या खोलीत शिरली, समोर हा उलटा माणूस दिसला, आणि तिने अशी किंकाळी फोडली की अंगणातला माणूस धावत आत आला. सुलटा!

"भिऊ नगं... भूत न्हाई मी. किकवीचा मानसिंग."

"मग भिंतीवर कोण व्हतं?"

"मीच की! खिडकीच्या बारक्या भोकातनं उजेड येतो, अंगणातलं समदं भिंतीवर उलटं उमटतं. लोकांना दावायचंय. पर अंधार कमी पडतोय... तुझ्याकडं काळं घोंगडं हाय का?"

"भुताला घोंगडं देत न्हाई आमी," ती म्हणाली, आणि पुढच्या रविवारी दोन घेऊन आली.

पुढचं काय सांगायचं? तो कातणं शिकायच्या निमित्ताने शेजारी बसे आणि धागा तोडून ठेवी.

"मुद्दाम तोडता तुमी."

"जोडायला तू हायस म्हणून..."

ती हसे, आणि लगेच दाराकडे बघे. आबांच्या कानावर गेलं तर?

आबा म्हणजे तिचे वडील, भीमा. मेंढरं राखण्यात जन्म गेलेला माणूस. त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्यांच्या भावाच्या पोरीने, कोमलने, हायवेकडच्या एका शेतकऱ्याच्या पोराशी आपल्या मनाने लग्न केलं, तेव्हा आबांनी देवाचा भंडारा उचलून शपथेवर सांगितलं होतं, "ती आमाला मेली." तेव्हापासून वाडीत कोमलचं नाव कुणी काढत नव्हतं. मानसिंगही शेतकऱ्याच्याच घरचा. रत्नाला झोप लागेना.

दिवाळी सरली. मेंढरं कोकणात उतरायची वेळ आली. तिकडून परतल्यावर रत्नाचं लग्न नात्यात उरकून टाकायचं, असं आबांनी बोलून दाखवलं.

"मी इचारतो त्येंना," मानसिंग म्हणाला.

"नगा... पाया पडते तुमच्या. काठी घालतील डोक्यात."

"डोकं माझंच हाय न्हवं?" तो हसला, पण त्याचे ओठ सुकले होते.

निघायच्या आदल्या दिवशी रविवारच होता. अंधारी खोली माणसांनी गच्च भरली. रत्ना कोंडाबाई आत्याला चिकटून बसली होती. भिंतीवर आंब्याचं झाड उलटं आलं, कोंबडी उलटी आली, पोरं खिदळली. मग एक लाल पागोटं खाली लोंबकळत आलं आणि रत्नाने ते ओळखलं. आबा तिला न्यायला आले होते. मानसिंग त्यांच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. एवढं सगळं ज्याने उभारलं, तोच घाबरगुंडीत विसरला होता की आपण नेमके भोकासमोर आहोत.

आवाज काही येत नव्हता. मानसिंगने हात जोडले. आबांची काठी हलली.

"आत्या, मारत्यात गं त्येंला..."

"गप! बघ आदी."

काठी काखेत गेली. आबांनी कमरेची पिशवी सोडली. भिंतीवर पिवळी चिमूट दिसली. भंडारा! कोमलच्या वेळीही असाच निघाला होता. भंडाऱ्याची शपथ कुणी मोडत नाही. मानसिंगने मान वाकवली, त्याचं कपाळ पिवळं झालं.

ती घोंगडं बाजूला सारून धावली.

"आबा... कसली शपत घातली?"

आबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. "आमी कोकणातनं माघारी येस्तवर ह्येनं तुला त्वांड दावायचं न्हाई. फोनबी न्हाई."

"आन् मग?"

"मग आईबापाला घिऊन मागणी घालाया वाडीवर यायचं." आबांनी पिशवी पुन्हा कमरेला बांधली. "एकदा भंडारा उचलून घरची पोर घालवली म्या. तिची आई अजून घास गिळत न्हाई. पुन्यांदा न्हाई व्हायचं माझ्याच्यानं."

तेवढ्यात खोलीतून टाळ्यांचा कडकडाट झाला. आबा दचकले. "ह्ये काय?"

"समद्यांनी बघितलं, आबा. भिंतीवर."

मानसिंगने कपाळावर हात मारला, तळहातही पिवळा झाला. आबांचा विश्वास बसेना, म्हणून ती त्यांना आत घेऊन गेली.

"उलटं दिसतंय की पोरगं!"

"म्या पयल्यांदा बघितलं तवाबी असंच व्हतं." तिने भिंतीकडे बघतच विचारलं. "आबा... शपत आजपासनं का?"

आबा उगाच खोकले. "उद्यापासनं. आज बघून घे."

बाहेर मानसिंग हात हलवत होता. आतलं त्याला काही दिसत नव्हतं, तरी हलवत होता. रत्नानेही अंधारात हात वर केला.