कापसावरची छटा

रंगवाले शेठ दवाखान्यात गेले ते मुलासाठी धुतलेला सदरा घेऊन. तिथलं काम एवढंच. भिंतीचा नखाएवढा पोपडा आणून द्या, तासाभरात तीच छटा डब्यात घालून देतो, अशी या माणसाची ख्याती. तीस वर्षांत नजर एकदाही चुकली नव्हती.

मुलगा बाकावर आडवा पडला होता. भरदुपारी ढोसून गाडी चालवली आणि खांद्यावर शिडी घेऊन चाललेल्या रंगाऱ्याला उडवलं. रंगारी म्हणजे शिडीमामा, शेठजींचंच जुनं गिऱ्हाईक. नेहमी पांढरा न्यायचे. पलीकडच्या खोलीत आता त्यांची घरघर चालू होती.

"मोठा अपघात झाला की चालवणाऱ्याचं रक्त तपासावंच लागतं," डॉक्टर म्हणाले. "दोन बाटल्या. एक तपासायला, दुसरी सील करून कपाटात. कोर्टानं मागितली तर."

"आणि दारू निघाली तर?"

"तर तुरुंग, शेठ."

शेठजींनी जन्मात दारूला ओठ लावला नव्हता. त्यांनी दाराला कडी घातली आणि स्वतःची बाही वर केली. डॉक्टर जुन्या ओळखीतले. क्षणभर खिडकीबाहेर पाहत राहिले. कोपऱ्यातला कंपाउंडर स्पिरिटचा बोळा घेऊन पुढे आला तेव्हा मात्र म्हणाले, "स्पिरिट नको रे. साबणाच्या पाण्यानं पूस. नाहीतर तेच तपासणीत उतरायचं." त्या खोलीतला प्रामाणिकपणा काय तो तेवढाच. दोन्ही बाटल्यांवर मुलाचं नाव चिकटलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते यालाच, पण ते नंतर कळलं.

त्याच संध्याकाळी शिडीमामा गेले. अहवाल स्वच्छ आला. मुलगा सुटला, आठ दिवसांत पुन्हा प्यायला बसला.

महिना झाला असेल. दुपारची सामसूम, दुकानाचं शटर अर्ध्यावर. शेठजी गल्ल्यावर पेंगत होते. बाहेर शिडी टेकल्याचा आवाज झाला... लाकूड दगडावर घासतं तसा. ओल्या चुन्याचा वास आत आला. मग वाकून, शटरखालून, शिडीमामा.

"झोपलात काय शेठ? गिऱ्हाईक पळेल की!"

तोच खाकरा, तीच थट्टा. फक्त सदऱ्याच्या एका बाजूला बरगड्या आत दबलेल्या. शिडीमामांनी कानामागून कापसाचा बोळा काढला आणि गल्ल्यावर ठेवला. लाल, अजून ओला.

"एवढी छटा जुळवून द्या."

"कुठली... कुठली भिंत?"

"भिंत नाही. दवाखान्याचा कागद म्हणतो, हे चालवणाऱ्याचं रक्त. म्हणून आधी तुमच्या पोराकडे गेलो. पडला होता घोरत. त्याचं काही जुळेना." ते वाकले. "तुमची नजर पक्की. तुम्हीच सांगा, कुणाचं?"

शेठजींना छटा पाहताक्षणीच ओळखू आली होती. माझंच, मी दिलं, चालवत तो होता... एवढं म्हटलं की सुटका. पण मग शिडीमामा पुन्हा कुणाच्या उशाशी बसतील, हेही त्यांना कळत होतं. आपला तो बाब्या. आणि दुसऱ्याचं कार्टं तर केव्हाच जळून गेलं होतं.

"माझंच आहे, मामा."

"म्हणजे गाडी तुम्ही चालवत होता?"

"...हो."

"बरं झालं. कागद आणि माणूस एक झाले." शिडीमामा शेजारच्या स्टुलावर बसले, अगदी शांतपणे, आणि शेठजींची बाही वर सरकवू लागले. बोटं गार होती. "घाबरू नका. स्पिरिट नाही लावत मी."

तेव्हापासून रोज दुपारी शिडी टेकते.

"बाबा, तुम्ही हल्ली पांढरेफटक पडलाय," परवा मुलगा ग्लास भरता भरता म्हणाला. "जरा खात जा. म्हातारपणी कसली डाएटं!" आणि हसला.

आज सकाळी डॉक्टरांचा फोन आला. आवाज चिरकलेला. "शेठ, कोर्टानं दुसरी बाटली मागवली. सील शाबूत आहे हो, मी स्वतः पाहिलं... पण आत रक्त नाही. आत पांढरा रंग आहे. भिंतीचा."

शेठजींनी फोन ठेवला. दाढी करताना गालाला वस्तरा खोल लागला होता. तासभर त्यावर कापूस दाबून धरला होता. त्यांनी तो आरशासमोर धरला.

कापूस चिंब ओला होता. आणि पांढराच होता.