सारी-बेलचा जळका पंप

डॉक्टर उलकान उमसुनाईच्या दारात आली ती भांडायच्या तयारीनेच. बूट काढायच्या आधीच तिने सांगून टाकलं की चहा नको, सहानुभूती नको, फक्त गुन्हेगार हवा.

"चहा घ्यावाच लागेल," उमसुनाई म्हणाली. "रिकाम्या पोटी मी कुणाला पकडत नाही."

उमसुनाईने किर्गिझस्तानातल्या नारिन शहराच्या पोलिसात तपासाचं काम केलं होतं. साहेबांशी पटेना म्हणून नोकरी सोडली, आणि आता हरवलेल्या घोड्यांपासून पळालेल्या जावयांपर्यंत लोकांचं काय काय शोधून देते. तोंडाने फटकळ, पण डोकं जाग्यावर.

बाहेर अंगणात रुग्णवाहिकेचा म्हातारा ड्रायव्हर कुबात आपल्या नेहमीच्या उद्योगाला लागला होता. गाडी जुनी, रेडिएटर गळका. त्यात दुकानातलं महागडं, न गोठणारं द्रव कोण ओतणार? म्हणून हिवाळ्यात आमच्याकडचे जुने ड्रायव्हर करतात तेच त्याने केलं. तोटी उघडून पाणी खाली सोडून दिलं, स्टिअरिंगला एक चिंधी बांधली आणि हात चोळत आत आला. चहाची पहिली वाटी संपेपर्यंत फाटकाशी कडक बर्फ झालं होतं.

"माझ्याच दारात माझा पाय मोडायचा बेत आहे का, कुबात बाइके?" उमसुनाईने विचारलं. वयाने मोठ्या पुरुषाला इकडे बाइके म्हणतात, बाईला एजे.

"तुझा पाय जोडता येतो. रेडिएटर फुटला तर नवा कुठून आणू?" कुबात म्हणाला आणि नानचा तुकडा लोण्यात बुडवून मोकळा झाला.

उलकानने सगळं सांगितलं. सारी-बेल गावच्या ज्या दवाखान्याची ती प्रमुख, तो तिच्या आजोबांच्या काळातला. छत गळतं, भिंतीचे पोपडे पेशंटच्या सूपमध्ये पडतात. कितीतरी वर्षं अर्ज करून, मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवून शेवटी शेजारी नवी इमारत उभी राहिली. बाळंतपणाचा विभाग, तपासण्यांची खोली, सोनोग्राफीचं मशीन, सगळं तयार. फक्त उद्घाटन बाकी. या हिवाळ्यात दोन बायका घाटात, कुबातच्या गाडीतच बाळंत झाल्या होत्या. तिसरी होऊ नये म्हणून उलकान जिवाचं रान करत होती.

आणि परवा रात्री अख्ख्या खोऱ्याची वीज गेली. पहाटे आली. सकाळी बघतात तो नव्या बॉयलरचा पंप जळलेला. आवारातला कुत्रा अकतोश, तोही दुसऱ्या दिवशी मेला, विष घातलं म्हणे. पोलिसांनी लगेच तुर्दाकुनवर बोट ठेवलं. तो जुन्या इमारतीचा बॉयलरवाला. नवा बॉयलर आपोआप चालतो, म्हणजे त्याची नोकरी जाणार. उद्या प्रांताच्या आरोग्य खात्याचे मुकाशेव साहेब येणार होते, आणि फोनवर ते स्पष्टच बोलले होते. गावानेच घातपात केला असेल तर मशीनं दुसऱ्या जिल्ह्यात जातील. जुनी इमारत धोकादायक म्हणून आधीच बंद व्हायची आहे. म्हणजे सारी-बेलला ना जुना दवाखाना, ना नवा.

"तुर्दाकुनने काही केलेलं नाही," कुबात वाटीवर फुंकर मारत म्हणाला. "असल्या थंडीत पाईप फुटले नाहीत हेच नशीब समजा. अर्थात रिकामा पाईप काय फुटणार म्हणा."

"बाइके, तुम्ही गप्प बसा हो," उलकान वैतागली. "एजे, ही माणसं अशीच. एक सांगावं तर दहा गोंधळ घालतात. म्हणून नव्या इमारतीचं सगळं मी एकटीच बघते. कुणाला काही सांगतच नाही."

उमसुनाईने दोघांकडे पाहिलं आणि कोट चढवला.

नव्या बॉयलरघरात इंजिनिअर एर्नीस जळक्या पंपासमोर उकिडवा बसला होता. बिश्केकचा तरुण माणूस, सारी-बेलमध्ये महिनाभर अडकून पार विटलेला. नवा पंप मागवला होता, पण बिश्केककडचा घाट बंद असल्याने तो कुठल्याशा गोदामात पडून होता. पंपाचं रक्षण करणारं यंत्र तर पुढच्या खेपेत येणार होतं. म्हणजे घर जळाल्यावर विहीर खणायची, उमसुनाईच्या मनात आलं.

"दार फोडलं होतं का?" तिने विचारलं.

नव्हतं. किल्ली जुन्या इमारतीत, ड्युटीच्या खोलीतल्या खिळ्याला असते. विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, असा डॉक्टरांचा हुकूम होता. पण खिळ्यावरची किल्ली कुणीही उचलू शकतं.

"आणखी काही मोडलं होतं?"

एर्नीस घुटमळला. मग आवाज खाली आणून त्याने सांगितलं की मोडलेलं काहीच नव्हतं, पण सगळे पाईप रिकामे होते. खालची तोटी पूर्ण उघडी, आणि वरच्या मजल्यावरच्या प्रत्येक रेडिएटरचा हवा सोडायचा स्क्रूही सैल केलेला. आत काही नाही आणि पंप फिरतोय; मग तो जळणारच. ही गोष्ट त्याने फक्त मुकाशेव साहेबांना सांगितली होती. त्यांनी तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं.

"आत पाणी होतं?"

"पाणी कसलं? न गोठणारं द्रव होतं. इथल्या थंडीत पाणी कोण भरेल? डॉक्टरांना मी सगळं समजावून दिलंय, विचारा त्यांना."

"आणखी काही दिसलं?"

"पंपाच्या खटक्याला एक मळकी चिंधी बांधलेली होती. मी फेकून दिली."

कुबात दारातच उभा होता. चिंधीचं नाव निघालं तसा तो बाहेर जाऊन सिगारेट शोधू लागला.

बॉयलरघरामागे तोटीचं तोंड भिंतीतून बाहेर निघत होतं. आवारातली एकूण एक गोष्ट गोठलेली, बादलीतलं पाणीसुद्धा दगड झालेलं. पण भिंतीखाली मात्र चिखलासारखा ओला पट्टा होता. उमसुनाईने बुटाने तो उकरला. मग वाकून बोटाला लागलेला ओलावा हुंगला आणि बोट रुमालाला पुसलं.

"बर्फ का नाही झालं इथे?" कुबातने विचारलं.

"तेच मी तुम्हाला विचारणार होते, बाइके."

यानंतर पाळी गुराखी मामितची. नव्या कुंपणाने त्याच्या गुरांची वाट अडली होती, आणि 'ही भिंत एक दिवस पाडतो की नाही बघा' असं तो भर बाजारात ओरडला होता. उमसुनाईला बघताच त्याने दोन्ही हात वर केले. ओरडलो, पुन्हा ओरडेन, पण पंप कशाशी खातात ते आपल्याला माहीत नाही, असं त्याचं म्हणणं. कुत्र्याला विष घातल्याचा आरोप मात्र त्याला फारच झोंबला.

"त्या सकाळी मी गुरं घेऊन चाललो होतो," तो म्हणाला. "अकतोश चांगला जिवंत होता. मागल्या भिंतीकडून दारुड्यासारखा झोकांड्या खात आला. मी हसलो त्याला. दुसऱ्या दिवशी मेला बिचारा. मला काय माहीत तो मरायला टेकलाय!"

तुर्दाकुनच्या घरी तर भिंतीशी बोलावं तसं झालं. म्हातारा चुलीपुढे बसला होता, डोळे जमिनीकडे. सकाळी पहिला आत तूच गेलास ना? हो. काय दिसलं? पंप. पंपाच्या खटक्याला चिंधी होती? माहीत नाही.

"तू आणि कुबात बाइके, दोघांनी तरुणपणी घाटात ट्रक चालवले ना?"

"चालवले."

"मग सांग, चिंधी बांधलेली असली म्हणजे काय समजायचं?"

"चिंधी म्हणजे चिंधी," तुर्दाकुन म्हणाला. "उद्या न्यायला येणार असतील तर येऊ देत. मी बूट घालून बसेन."

परतताना उमसुनाईचा संताप अनावर झाला. एक माणूस धड बोलत नाही. इंजिनिअर साहेबाला घाबरतो, बॉयलरवाला स्वतःच फासावर चढायला निघालाय, आणि ज्याची खरी चूक त्याला चूक झाली हेच ठाऊक नाही. कुबातने भीत भीत विचारलं की कुणी सापडलं का. ती म्हणाली, सापडलं, आणि त्याचाच वैताग आलाय.

मुकाशेव साहेब दुसऱ्या दिवशी दुपारी आले, ते टोपीसुद्धा न काढता बसले. बाळंतपणाच्या नव्या विभागात, थंडगार खोलीत, सगळ्यांच्या तोंडातून वाफा निघत होत्या. उलकान, एर्नीस, तुर्दाकुन, कुबात. मामित बोलावलेला नसताना आला होता.

"मला एक नाव द्या," साहेब म्हणाले. "माझ्याकडे वेळ नाही."

"नाव देते. पण आधी गुन्हाच झालेला नाही, हे ऐकून घ्या."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. उमसुनाईने तिकडे दुर्लक्ष केलं.

"कुत्र्यापासून सुरू करू. आत शिरण्यासाठी कुणी विष घातलं असतं, तर अकतोश रात्रीच आडवा व्हायला हवा होता. तो सकाळी झिंगत फिरत होता, म्हणजे विष त्याच्या पोटात नंतर गेलं. तो मागल्या भिंतीकडून आला. तिथे जे सांडलं होतं ते गोठत नाही आणि गोडसर असतं. कुत्रं ते आवडीने चाटतं आणि मरतं. विष कुणी घातलं नाही. पाईपातलं द्रव बाहेर सोडलं गेलं, त्याने तो मेला."

"मग सोडणाराच गुन्हेगार," साहेब म्हणाले.

"थांबा. ज्याला नुकसान करायचंय तो हातोडा घेतो. या माणसाने तोटी उघडली, आणि मग अंधारात वर चढून एकेका रेडिएटरची हवा सोडली. म्हणजे थेंबही आत राहू नये. एवढे कष्ट शत्रू घेतो? वीज गेली, बॉयलर बंद पडला, फोन लागेना, बाहेर हाडं गोठवणारी थंडी. त्याला वाटलं आत पाणी आहे. ते गोठेल आणि सकाळपर्यंत अख्खी इमारत फुटेल. त्याने इमारत वाचवली, निदान त्याच्या समजुतीप्रमाणे. आणि निघताना पंपाच्या खटक्याला चिंधी बांधली."

"चिंधीचं काय?"

"साहेब, तुम्ही कधी जुना ट्रक चालवला नाहीत. रात्री पाणी सोडलं की ड्रायव्हर स्टिअरिंगला चिंधी बांधतो. अर्थ एकच, आत पाणी नाही, चालू करू नका. खोऱ्यातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला कळतं. कळत नाही ते फक्त नव्या पंपाला. तो वीज आली की आपला आपण सुरू होतो. खटक्याला हात लावायला कुणी आलंच नाही, मग चिंधी कोण वाचणार?"

कुबात पुढे सरसावला.

"आपला आपण?" तो म्हणाला. "कुणी सुरू केला नाही?"

"कुणीच नाही, बाइके. तुम्ही मला माझ्याच घरात म्हणालात, रिकामा पाईप काय फुटणार. पाईप रिकामे होते हे तेव्हा दोनच माणसांना माहीत होतं, इंजिनिअर आणि साहेब. तिसरे तुम्ही. मग बोलला का नाहीत?"

कुबात खाली बसला. त्याने सांगितलं की चिंधी बघूनही पंप कुणी सुरू केला असेल तर तो तुर्दाकुननेच, नोकरीच्या रागात, असं त्याला वाटलं होतं. चिंधीची गोष्ट बाहेर पडली असती तर मित्र तुरुंगात गेला असता.

"आणि तू?" उमसुनाई तुर्दाकुनकडे वळली. "तू चिंधी पाहिलीस आणि गाठही ओळखलीस."

"त्याची गाठ मी झोपेतही ओळखेन," तुर्दाकुन पुटपुटला. "मला वाटलं, पंप यानेच बिघडवला. बायका-पोरांचा माणूस आहे. म्हटलं, माझं काय, मी एकटा."

"दोन दिवस मी थंडीत वणवण फिरले," उमसुनाई म्हणाली, "आणि तुम्ही दोघे बोकड एकमेकांसाठी मान पुढे करून बसलात! एक शब्द एकमेकांशी बोलला असतात तर?"

मामित खो खो हसला आणि कुणी हसत नाही बघून गप्प झाला.

साहेबांनी टोपी काढली. घातपात नाही, हे त्यांना पटलं होतं. पण अहवालात कुणाचं तरी नाव हवंच होतं. आपोआप काहीही घडत नाही, असं सरकारचं मत असतं.

"ड्रायव्हरचं लिहू?" त्यांनी विचारलं.

कुबात उभा राहिला. उमसुनाईने फक्त उलकानकडे पाहिलं. पुढचं उलकानने स्वतः म्हणायला हवं होतं.

"माझं लिहा," उलकान म्हणाली. "आत पाणी नाही हे मला माहीत होतं. पंप आपोआप चालतो हेही माहीत होतं. इंजिनिअरने मला दुपारभर बसून समजावलं. मी ते कुणालाच सांगितलं नाही. म्हटलं, यांना काय कळणार."

"मग दवाखान्याच्या प्रमुखपदावर तुम्हाला ठेवता येणार नाही."

"आणि हा विभाग?"

"निष्काळजीपणासाठी मशीनं परत नेत नाहीत. विभाग राहील."

"मी साधी डॉक्टर म्हणून इथे राहीन?"

"ते चालेल."

"मग लिहा लवकर."

तिने सही केली. साहेब गेले. एवढी वर्षं उलकान खुर्चीसाठी नव्हे, या खोलीसाठी भांडली होती. मग डोळे पुसून तिने तुर्दाकुनला आणि कुबातला बॉयलरघरात नेलं आणि अगदी पहिल्यापासून सांगायला बसली. द्रव कसलं, तोटी कुठली, पंप कधी सुरू होतो. दोघांनी भलभलते प्रश्न विचारले. एकाही प्रश्नावर ती चिडली नाही.

"म्हणजे वीज गेली, थंडी पडली, तर आम्ही काय करायचं?" तुर्दाकुनने विचारलं.

"काही नाही. कशालाही हात लावायचा नाही. आहे तसं राहू द्यायचं."

कुबातने बराच विचार केला.

"ते काही आपल्याला जमायचं नाही," तो म्हणाला.

"मलाही जमलं नसतं," उलकान म्हणाली. "म्हणून आता वीज गेली की तिघांनी मिळून बसायचं."