दहा मीटरवरचा वारा

चक्रीवादळ मुंबईपासून पाचशे किलोमीटर लांब होतं आणि ओमानकडे निघालं होतं. परळच्या ऑफिसात मनवा संगणकावर वाऱ्याचं आपलं छोटं मॉडेल चालवत बसली होती. समुद्रापासून किलोमीटरभर उंचीपर्यंतची सगळी हवा त्यात एकच थर धरलेली. बाकी हिशोब साधा. खाली घासून वारा मंदावतो, केंद्राकडे वळतो, आणि तिथे जमलेल्या हवेला वर जाण्यावाचून वाट उरत नाही.

दुपारी नकाशावर दुसरं केंद्र उमटलं. गिरगावात.

"घर्षणाचा आकडा बघ," शेजारच्या टेबलावरून शंतनु म्हणाला.

तिने आकडा बदलला. थराची जाडी बदलली. शेवटी वादळच काढून टाकलं. केंद्र हललं नाही. अक्षांश-रेखांश तिने फोनमध्ये टाकले. खूण आली ती तिच्याच चाळीवर.

तिने वडिलांना फोन लावला. "तात्या, वारा सुटलाय का तिकडे?"

"छे, वारा साफ पडलाय गं. घामाने जीव जातोय. पण समोर कमळाबाईंची वाळत घातलेली साडी आडवी झालीये, आपल्याकडे. मागच्या खिडकीतून बघितलं, तर तिकडची धोतरंही आपल्याकडेच."

ती टॅक्सीने धावली. वाडीत चारी बाजूंचे कपडे तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या खोलीकडे ताणलेले होते. जिन्यावरून धूळ पायरी पायरी वर सरकत होती.

खोलीत मात्र सगळं निश्चल होतं. आत पाऊल टाकताच तिच्या कानांना दडे बसले. तात्या खुर्चीत बसून होते.

"चला. दोन दिवस शंतनुकडे राहू, अँटॉप हिलला."

"का गं?"

तिने त्यांच्या चपला पुढे सरकवल्या. तात्यांनी त्या पायात घातल्या.

शंतनुच्या क्वार्टरमध्ये तात्या लगेच कॉटवर आडवे झाले. संध्याकाळी ऑफिसातून त्याचा फोन आला.

"मनवा, गिरगावातलं केंद्र गेलं."

तिने सुटकेचा श्वास सोडला. पलीकडे कीबोर्डच्या कळा वाजत होत्या.

"शंतनु?"

"तुम्ही माझ्याच घरी आहात ना?"

दडे पुन्हा बसले. तिने हळूच मागे वळून पाहिलं.

तात्या शांत झोपले होते.

त्यांच्या अंगाखाली, वीतभर खाली, चादरीला एकही सुरकुती पडली नव्हती.