तिसरं ताट

कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात, पत्र्यावरून गळणाऱ्या पाण्यापासून कागद वाचवायच्या घाईत, आमचे गठ्ठे बदलले. माझ्याकडे कुणाच्या तरी समाजशास्त्राच्या नोट्स आल्या आणि त्याच्याकडे माझा स्पॅनिशचा गृहपाठ गेला.

तो मागून धावत आला. शर्टाची एक बाजू पूर्ण भिजलेली, पण छातीशी धरलेले कागद कोरडे.

"गंधाली आप ही हैं न? सॉरी… मैंने पढ़ लिया," तो म्हणाला. "आपकी मम्मी बहुत अच्छी लगीं मुझे."

गृहपाठाचा विषय होता ‘माझं कुटुंब’. माझ्या आईचं नाव विजया. ती सकाळी रेडिओ ऐकते. तिला कारल्याची भाजी आवडते, आम्हाला आवडत नाही. अशी दहा सोपी वाक्यं. सगळी खरी होती, फक्त आईला जाऊन सहा महिने झाले होते.

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. पण एक अनोळखी मुलगा पावसात उभं राहून माझ्या आईबद्दल ती घरी असल्यासारखं बोलत होता… मी म्हटलं, "थँक्यू."

त्याचं नाव सौमित्र. आमच्या या हिंदी बोलणाऱ्या शहराच्या कडेला, भनपुरीला, त्याच्या वडिलांचं ट्रकच्या बुकिंगचं ऑफिस आहे. एम.ए.ला तो माझ्याच वर्गात निघाला आणि मंगळवारच्या स्पॅनिशलाही. आईच्या आजारपणात माझी चार वर्षं गेली होती. त्यामुळे वर्गातले सगळे नवे होते, कुणालाच माझं घर ठाऊक नव्हतं. स्पॅनिशला जोड्या लावल्या तेव्हा त्यानं रुमालानं बाक पुसला, माझ्यासाठी अर्धा ठेवला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "कोमो एस्ता तू माद्रे?" तुझी आई कशी आहे?

"बिएन," मी म्हटलं. छान आहे.

मग दर मंगळवारी तो तेच विचारायचा आणि मी जमेल तेवढ्या शब्दांत सांगायची. आई बाजारात गेली आहे. आई झाडांना पाणी घालते आहे. आई सदर बाजारात बांगड्या घेते आहे.

"पिछले मंगल भी चूड़ियाँ ही ले रही थीं," तो म्हणाला. "आंटी के कितने हाथ हैं?"

मी हसले. माझा तो आवाज मलाच नवा वाटला.

"तुले मराठी येते नं?" मी विचारलं. "मग हिंदीत काहून बोलतोस?"

"समझता पूरा हूँ. बोलूँगा तो आप हँसोगी."

"हसू दे नं मग."

"किसी दिन… कोई ज़रूरी बात होगी, तब."

असं बोलून तो मान खाली घालून पेन्सिलीला टोक करत बसायचा. टोक आधीच केलेलं असायचं. मी मंगळवारची वाट पाहू लागले होते. त्याच्यासाठी की आईसाठी, हे मी स्वतःला विचारत नव्हते.

घरी बाबा रोज तीन ताटं घ्यायचे. रेल्वेत आयुष्य गेलेला माणूस, वेळ चुकायची नाही. तेराव्यानंतर नातेवाईक म्हणाले, श्यामराव, आता पुरे. बाबांनी ऐकलं नाही. आईचं ताट वाढून व्हायचं, आमची जेवणं व्हायची आणि मग ते अन्न गल्लीतल्या गाईला जायचं.

सप्टेंबरात समाजशास्त्राच्या अनुश्री मॅडमनी सर्वेक्षण दिलं. "नातं नंतर विचारा, आधी चूल विचारा," त्या म्हणाल्या. "एका चुलीवर जेवतात ते एका घरातले. तेवढेच मोजायचे." कुणी कुठल्या वस्तीत जायचं, ते चिठ्ठ्या टाकून ठरलं. सौमित्रला तात्यापारा आला. माझीच वस्ती.

"बढ़िया!" तो म्हणाला. "इतवार को आता हूँ. आंटी से भी मिल लूँगा."

मधे पाच दिवस होते. पाचही दिवस मी तोंड उघडलं आणि मिटलं. सांगितलं असतं तर तोही गेला असता आणि मंगळवारची आईही.

रविवारी अकराला तो आला. चपला काढल्या, वर पाहिलं. समोरच्या भिंतीवर आईचा फोटो, हार, खाली तारीख. त्यानं ती वाचली. मग माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्या नजरेत. मी मान फिरवली.

त्यानं फॉर्म उघडला. "काका, घर में कुल कितने लोग?"

"तीन," बाबा म्हणाले.

पेन थांबलं.

"एका चुलीवरचे मोजून राहिला नं तू? पोरीनं सांगितलं मले." बाबांनी स्वयंपाकघराकडे हात केला. तिथं तीन ताटं मांडलेली होती. "मग तीनच."

"ये… मैं बाद में भर लूँगा, काका." बाकीचे रकाने त्यानं नीट भरले आणि तो उठला.

मी पायरीपर्यंत गेले. "मी खोटं बोलले," मी म्हटलं. "तू विचारायचास… तेवढाच एक तास ती असायची."

"मैं भी तो हर मंगल उनसे मिलता था," तो म्हणाला. "मेरे लिए तो वो आज गईं."

इतक्या महिन्यांत कितीजण भेटून गेले होते. माझ्यासारखं कुणाचं काही गेलं आहे, असं पहिल्यांदा वाटलं.

आतून बाबांचा आवाज आला, "ए पोट्ट्या! जेवायच्या वक्ताले कोणी जाते का? ये आत."

आम्ही आत आलो तेव्हा बाबांचा हात चौथं ताट काढायला फळीकडे गेला होता.

"बाबा, राहू द्या," मी म्हटलं. मी आईचं ताट उचललं आणि सौमित्रसमोर ठेवलं.

बाबा त्या ताटाकडे पाहत राहिले. मला वाटलं, उठून जातील. मग त्यांनी कढई ओढली आणि त्या ताटात कारल्याची भाजी वाढली, आईला वाढायचे तेवढीच. सौमित्रनं एक फोडही टाकली नाही. गाय दाराशी येऊन उभी होती. तिला पोळी दिली.

निघताना त्यानं पायरीवर बसून फॉर्म काढला आणि माणसांच्या आकड्याचा मोकळा रकाना माझ्यासमोर धरला. मी होकाराची मान हलवली. त्यानं ‘दोन’ लिहिलं, हळूच, मला लागू नये असं.

"गंधाली…" तो म्हणाला. कान लाल झाले होते. "मले… मले तू आवडते." जरा थांबून म्हणाला, "आन् कारलं बिलकुल नाही."

मी हसले नाही.

"अजून एकदा सांग," म्हटलं. "कारल्याच्या आधीचं."

त्यानं सांगितलं.

संध्याकाळी बाबांनी फळीवरून ताटं काढली. दोनच. भात वाढताना माझ्याकडे न बघता विचारलं, "तो पोट्टा परत कधी येऊन राहिला?"

"मंगळवारी," मी म्हटलं.